शेजारी कोण बसणार?

‘उद्या दारूलाही औषध म्हणाल!’ आणि ‘आपले ऋषी सोमरस पीतच होते की!’ नैराश्यावर सायकेडेलिक, म्हणजे जाणिवा बदलून टाकणाऱ्या द्रव्यांनी उपचार करावेत का, हा विषय आपल्याकडे निघाला की पाचच मिनिटांत गाडी या दोन वाक्यांवर येऊन थांबते. व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत मी ती ऐकली आहेत, घरच्या पंगतीत ऐकली आहेत आणि एकदा चक्क दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकली आहेत. पहिलं वाक्य बोलणाऱ्याला तरुण पिढीची काळजी असते, दुसरं बोलणाऱ्याला परंपरेचा अभिमान. पण ज्या माणसाला सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकणं डोंगराएवढं वाटतं, त्याच्याबद्दल यातलं एकही वाक्य काही बोलत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. सायलोसायबिन, म्हणजे ज्यांना मॅजिक मशरूम म्हणतात त्या अळंब्यांमधलं द्रव्य, यावर भारतात संशोधन सुरू व्हायला हवं. ते सरकारी शिक्षणसंस्थांना जोडलेल्या मनोविकार विभागांत व्हावं, मोजक्या रुग्णांवर व्हावं, कडक देखरेखीखाली व्हावं, आणि फार वाट न पाहता व्हावं. खासगी क्लिनिकमध्ये नको, डोंगरातल्या ‘रिट्रीट’मध्ये नको, किनाऱ्यावर तर नकोच नको. इतकी अरुंद वाट मागण्याचं कारण असं, की हे औषध पॅरासिटामॉलसारखं घेतलं आणि कामाला लागलं, असं काम करत नाही. गोळी आणि तिच्यासोबत सहा-आठ तास शेजारी बसलेला माणूस, हे दोन्ही मिळून एक उपचार होतो. बंदीवाले फक्त गोळी पाहतात, उत्साहीही फक्त गोळीच पाहतात. शेजारी बसलेला माणूस कोणाच्याच बोलण्यात येत नाही.

सोमरसाचं आधी पाहू. न्यूयॉर्कचे एक बँकर, रॉबर्ट गॉर्डन वासन यांनी १९६८ साली असा सिद्धान्त मांडला की वेदांतला सोम म्हणजे पांढरे ठिपके असलेली लाल अळंबी, अमानिता मस्कारिया. अनेक अभ्यासकांना हे पटलेलं नाही. सोमवल्ली म्हणजे एफेड्राच्या जातीचं झुडूप असावं, असंही मत आहे. पण वासन यांचं खरं धरलं तरी हाती काय लागतं? त्या लाल अळंबीत सायलोसायबिन नसतंच. तिच्यातली द्रव्यं वेगळी, शरीरावरचा परिणाम वेगळा. परंपरेचा दाखलाच द्यायचा तर सर्पगंधेचा द्यावा. ही मुळी आपल्याकडे वेड आणि निद्रानाश यांवर पिढ्यान्‌पिढ्या दिली जात होती. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर शास्त्रीय निबंध लिहिला. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांच्या नोंदी ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात छापल्या आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात तिच्यातलं रेसर्पीन वेगळं काढलं गेलं. पुढे मनोरुग्णालयांत ते भरपूर वापरलं गेलं, आणि काही रुग्णांना त्यानेच नैराश्य येतं अशा नोंदी होऊ लागल्या. परंपरेने बोट दाखवलं. मात्रा किती, धोका कोणाला, हे मात्र खाटेशी बसून एकेक रुग्ण नोंदवणाऱ्यांनीच शोधलं. ऋषींचं नाव घेऊन ही पायरी ओलांडता येत नाही.

ज्यांच्याकडे या अळंब्यांची खरीखुरी, अखंड परंपरा होती ते लोक मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातले माझातेक. त्यांच्यातली मारिया साबिना ही वैदू बाई वावत्ला गावात आजारी माणसासाठी रात्र जागवायची. अंधाऱ्या खोलीत मंत्र म्हणत, गात, पहाटेपर्यंत ती तिथून हलत नसे. १९५५ साली वासन अशा एका रात्री हजर होते. दोन वर्षांनी त्यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला आणि गावात परक्यांची रीघ लागली. पोलीस आले, गावकरी साबिनावर उलटले, तिचं घर जाळलं गेलं. बाहेरून आलेल्या मंडळींनी त्या खोलीतून अळंबी उचलून नेली. रात्रभर गाणारी बाई तिथेच राहिली. पुढच्या सत्तर वर्षांत या द्रव्यांच्या बाबतीत जे जे बिघडलं, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

आता दारूच्या वाक्याकडे वळू. त्यामागे अडाणीपणा आहे असं मी म्हणणार नाही. पंजाबातल्या घरांचं अमली पदार्थांनी काय झालं ते आपण पाहिलं आहे. गोव्यातल्या हणजूणच्या पार्ट्यांतून परत न आलेल्या मुलांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. पण इतिहासाचा क्रम नीट लावायला हवा. एलएसडी हे याच जातीचं दुसरं द्रव्य १९३८ साली बाझलमधल्या सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट हॉफमन यांनी बनवलं. १९५८मध्ये त्यांनीच अळंब्यांतून सायलोसायबिन वेगळं काढलं. पन्नाशीच्या दशकात कॅनडात हम्फ्री ऑस्मंड हे डॉक्टर याच एलएसडीने दारूचं व्यसन सोडवण्याचे प्रयोग करत होते. म्हणजे ही द्रव्यं दवाखान्यातून रस्त्यावर गेली, रस्त्यावरून दवाखान्यात आली नाहीत. त्यानंतर हार्वर्डचे टिमोथी लिअरी यांच्यासारख्यांनी संशोधकाचा कोट उतरवून प्रचारकाचा झगा चढवला, अमेरिकेत १९७० साली कडक कायदा झाला, १९७१मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार आला, आणि रुग्णांवरचं काम जवळपास तीन दशकं थंडावलं. आपला १९८५चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा त्याच वळणाचा. सायलोसायबिन त्याच्या यादीत आहे आणि असायलाही हवं. पण त्या कायद्याचं आठवं कलम बंदी घालतानाच वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांचा अपवाद ठेवतं. दार कायद्याने बंद केलेलं नाही. भीतीने आपण त्याला हात लावत नाही.

ही भीती काय करू शकते ते मॉर्फिन या अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाच्या बाबतीत या देशाने पाहिलं आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, जगातल्या औषध कंपन्यांना पुरवली जाते. आणि १९८५नंतर याच देशात रुग्णांसाठीचा मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला, कारण एका बाटलीसाठी अनेक परवाने आणि एका चुकीसाठी वर्षानुवर्षांचा तुरुंग. माझे वडील १९९६ साली तालुक्याच्या गावी हाडात पसरलेल्या कर्करोगाने गेले. शेवटचे एकोणीस दिवस त्यांना जे दिलं गेलं ते मॉर्फिन नव्हतं. डॉक्टर चांगले होते, त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले. ‘त्या कागदांच्या भानगडीत मी पडू शकत नाही,’ एवढंच ते म्हणाले. कायदा दुरुस्त होऊन अशी अत्यावश्यक औषधं मिळणं सोपं व्हायला २०१४ साल उजाडावं लागलं. नशा होते म्हणून बंद, या वाक्याची किंमत कोणी मोजली हे मला कोणी समजावून सांगायला नको.

पण विरोधकांचे भक्कम मुद्दे याहून वेगळे आहेत, आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. पहिला मुद्दा परिणामाचा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सायलोसायबिनच्या मोठ्या चाचणीत २३३ रुग्ण होते. दोन किंवा अधिक औषधांनीही ज्यांचं नैराश्य हटलं नव्हतं असे. पंचवीस मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेनंतर तीन आठवड्यांनी ३७ टक्क्यांना ठळक आराम वाटला. नाममात्र एक मिलिग्रॅम दिलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं. बारा आठवड्यांपर्यंत टिकून राहिलेला आराम मात्र २० विरुद्ध १० टक्के. आत्महत्येचे विचार वा स्वतःला इजा करणं हे सगळ्याच गटांत नोंदलं गेलं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने २०२१ साली ५९ रुग्णांत एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळीशी तुलना केली, तेव्हा मुख्य मोजपट्टीवर दोन्ही जवळपास सारखे ठरले. २०२२ची ती मोठी चाचणी घेणाऱ्या कंपनीने जून २०२५मध्ये जाहीर केलेल्या पुढच्या टप्प्यात निष्क्रिय गोळीशी फरक होता ३.६ गुणांचा, साठ गुणांच्या मोजपट्टीवर. याला चमत्कार म्हणणारा माणूस एक तर आकडे वाचत नाही किंवा त्याला काहीतरी विकायचं आहे.

मग एवढ्याशा फरकासाठी आटापिटा का? कारण ज्यांच्यावर बाकी उपाय हरले, अशांविषयी आपण बोलतो आहोत. पहिल्या गोळीने पूर्ण बरे होणारे साधारण तिघांतला एक. पुढची गोळी, त्यापुढची गोळी, प्रत्येक पायरीवर आशा कमी होत जाते. शंभरांतल्या दहा जास्तीच्या माणसांना तीन महिने अंधारातून बाहेर ठेवणारी गोष्ट, तीही रोजच्या गोळीशिवाय, ही छोटी गोष्ट नाही. महाराष्ट्रात २०२२ या एका वर्षात २२,७४६ लोकांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, देशात सर्वांत जास्त. त्या सगळ्या नैराश्यामुळे झाल्या असं म्हणणं चूक ठरेल. कर्ज, दुष्काळ, घरातला छळ, सगळं त्यात आहे. पण इतक्या मोठ्या आकड्यासमोर उभं राहून ‘फरक थोडाच आहे’ म्हणत एखादी वाट तपासायचीच नाही, हे मला जमत नाही.

दुसरा मुद्दा फसगतीचा. चाचणीत खरी गोळी कोणाला आणि खोटी कोणाला हे कोणालाच कळू नये, असा दंडक असतो. इथे तासाभरात भिंती श्वास घ्यायला लागल्या की रुग्णाला कळतं, समोरच्या डॉक्टरलाही कळतं. ज्याला मिळाली त्याची आशा फुलते, ज्याला नाही मिळाली तो खचतो, आणि फरक फुगून दिसतो. आक्षेप शंभर टक्के खरा आहे. २०२४च्या जूनमध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने युद्ध-अत्याचारांच्या मानसिक जखमांवरचा एमडीएमए (पार्ट्यांत ‘एक्स्टसी’ म्हणून मिळणारं द्रव्य) उपचार नऊ विरुद्ध दोन मतांनी परिणामकारक न मानण्याचं हे एक मोठं कारण होतं. ऑगस्टमध्ये परवानगी नाकारली गेली. पण हीच अडचण शॉक ट्रीटमेंटच्या, शस्त्रक्रियेच्या, समुपदेशनाच्या चाचण्यांतही येते, आणि त्यावर उपाय म्हणून आपण रुग्णाचा पाठपुरावा लांबवतो, गुण देणारे परीक्षक वेगळे ठेवतो. शिवाय पाश्चात्त्य चाचण्यांत येणारे बरेच जण आधीच पुस्तकं वाचून, माहितीपट पाहून, आयुष्य बदलणार या अपेक्षेने रांगेत उभे असतात. मिरजेच्या किंवा अकोल्याच्या ओपीडीत येणाऱ्या शिक्षिकेने यातलं काहीच ऐकलेलं नसतं. आशेने फुगलेला भाग वेगळा काढून खरा परिणाम पाहायचा असेल, तर असे रुग्ण जगाला अजून कुठे मिळणार?

तिसरा मुद्दा मला रात्री झोपू देत नाही, म्हणून त्यावर जास्त बोलते. या द्रव्याच्या अमलाखाली माणूस मेणासारखा मऊ होतो. जे सांगाल ते खोलवर जाऊन बसतं. कॅनडातल्या एमडीएमए चाचणीत उपचार करणाऱ्यानेच सहभागी स्त्रीशी लैंगिक गैरवर्तन केलं, आणि त्या कामाशी जोडलेले शोधनिबंध २०२४मध्ये नियतकालिकाला मागे घ्यावे लागले. आता हे आपल्याकडे आणून पाहा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलँड ग्रिफिथ्स यांनी २००६ साली निरोगी स्वयंसेवकांना सायलोसायबिन दिलं, तेव्हा अनेकांनी तो आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांपैकी एक असल्याचं सांगितलं. तिथे त्याला गूढानुभव म्हणतात आणि प्रश्नावलीवर मोजतात. आपल्याकडे त्याच अनुभवाला नाव मिळेल दर्शन, साक्षात्कार, अंगात येणं. आणि ज्याच्या हातात ती मात्रा असेल तो डॉक्टर राहणार नाही, महाराज होईल. ज्या महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला, तिथे ही भीती काल्पनिक नाही. साताऱ्यात व्यसनमुक्ती केंद्र चालवणारे दाभोलकर या दोन्ही बाजू ओळखून होते: नशेने माणूस कसा विकला जातो आणि श्रद्धेने कसा.

म्हणूनच माझा आग्रह आहे की हे काम उघड्यावर, सरकारी छताखाली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हावं. खोलीत दोन माणसं, त्यांतली एक स्त्री, रुग्णाची संमती आधी, शुद्धीवर, लेखी, आणि अमलाखाली दिलेली कोणतीही नवी संमती बाद, चित्रीकरण, संशोधनाशी संबंध नसलेल्या समितीकडे तक्रार नेण्याची सोय. आणि अनुभवाचा अर्थ लावून द्यायला सक्त मनाई. एखाद्या आजीला तुळजाभवानी दिसली तर ती दिसली; शेजारच्याने ना हात जोडायचे, ना हसायचं. बुवांना रोखायचं असेल तर पहिली शिस्त डॉक्टरांनी लिहून ठेवायला हवी. ती लिहिलेली नसेल तर त्या रिकाम्या जागेत पहिला कोण शिरेल?

चौथा मुद्दा माझे डॉक्टर मित्र तळमळीने मांडतात: इथे साध्या गोळ्या पोहोचत नाहीत आणि तू आठ तासांचा उपचार मागतेस? खरं आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. एक लाख लोकांमागे आपल्याकडे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३पासून परवानाधारक मनोविकारतज्ज्ञांना सायलोसायबिन लिहून द्यायची मुभा दिली, पण तिथे एका रुग्णाचा खर्च २५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात गेला. जिल्हा रुग्णालयात पाच मिनिटांत चिठ्ठी हातात पडते, तिथे हे कोणाला परवडणार?

पण ‘गरिबांना हे परवडणार नाही’ हे वाक्य आपण आधीही ऐकलं आहे. एचआयव्हीच्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर होता, तेव्हा गरीब देशांनी उपचारांचा नाद सोडून प्रतिबंधावरच भर द्यावा, असं शहाणी माणसं सांगत होती. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीच तिहेरी औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली आणि तो सगळा युक्तिवाद कोसळला. सायलोसायबिन बनवणं आपल्या रसायनशास्त्रज्ञांना अवघड नाही. महाग आहे तो माणसाचा वेळ, आणि त्याबद्दल जगाला शिकवण्यासारखं काही आपल्याकडे आधीच घडलं आहे, तेही गोव्यात. डॉ. विक्रम पटेल यांच्या ‘संगाथ’ संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण घेऊन चाचणी केली. मनोविकारशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. सहा ते आठ भेटी, त्याही बऱ्याचदा घरी जाऊन. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेले ६४ टक्के. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ३९. २०१७च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. हे आकडे वरच्या सायलोसायबिनच्या आकड्यांशेजारी ठेवू नयेत, रुग्ण वेगळे, मोजपट्टी वेगळी. पण शेजारी बसायला आठ वर्षं शिकलेला तज्ज्ञच लागतो, हे गृहीतक गोव्यातल्या त्या बायाबापड्यांनी खोटं पाडलं. मात्रा ठरवायला आणि हृदयाचे ठोके पाहायला डॉक्टर हवाच. पण हात धरून बसायला, महिनाभर आधी ओळख वाढवायला, नंतर दर आठवड्याला दार ठोठवायला?

माझ्या डॉक्टर मित्रांना मी म्हणते, आधी गोव्यासारखी माणसं सगळीकडे उभी करा, यात आपलं एकमत आहे. संशोधन त्याच्या आड येत नाही. उलट अशी माणसं नसतील तर सायलोसायबिनला हातही लावू नये, हीच माझी अट आहे. ती अट मोडली की काय होतं हे केटामाइनने दाखवलं आहे. भूल देण्याचं हे जुनं, उपयोगी औषध. नैराश्यात ते झपाट्याने आराम देतं म्हणून अमेरिकेत त्याची क्लिनिकं निघाली, करोनाकाळात तर गोळ्या टपालाने घरी जाऊ लागल्या. अभिनेता मॅथ्यू पेरी ऑक्टोबर २०२३मध्ये घरच्या गरम पाण्याच्या टबात मृतावस्थेत सापडला. केटामाइनचा परिणाम हे मुख्य कारण निघालं, आणि ते पुरवणाऱ्यांत डॉक्टरही होते. औषध तेच होतं. शेजारी कोणी नव्हतं.

गेल्या दिवाळीत माझ्या मावसभावाने मला विचारलं, ‘ताई, ते मशरूमचं खरं आहे का गं?’ चव्वेचाळीस वर्षांचा आहे, सांगलीत असतो. तीन औषधं झाली, सहा वेळा शॉक घेऊन झाले, मध्ये वर्षभर बरा होता, आता पुन्हा बोलणं कमी झालं आहे. त्याचा एक मित्र त्या अळंब्यांसाठी कोडाईकनालला निघाला होता, याला सोबत नेणार होता, पैसेही तोच भरणार होता. मित्राच्या मनात माया होती, यात मला शंका नाही. मी त्याला जाऊ दिलं नाही. त्याच्या सख्ख्या काकांना स्किझोफ्रेनिया होता. अशा घरातल्या माणसाला हे द्रव्य कायमचं आजारी पाडू शकतं. मी या लेखात जी चाचणी मागते आहे तिच्यातही त्याला घेतलं नसतं. पण तिथे पहिल्याच भेटीत कोणीतरी समोर बसून त्याला विचारलं असतं, की घरात आणखी कोणाला मानसिक आजार होता का. कोडाईकनालला हे कोणी विचारणार नव्हतं.